विवाहसमानतेला पाठिंबा देणारा ठराव : ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा, यवतमाळ, अमरावती आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गावांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत सरपंच आहेत, बचत गटांच्या महिला आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, आणि आपले नाव कळू नये अशी इच्छा असलेली जोडपीही आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात येत असेल तेथे क्रमांक दिला आहे.

१. विवाहसमानता म्हणजे काय? आज भारतात दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे लग्न कायदेशीर आहे का?

लग्न करण्याचा आणि त्यातून मिळणाऱ्या हक्कांचा लाभ जोडीदारांचे लिंग न पाहता सर्वांना मिळावा, या मागणीला विवाहसमानता म्हणतात. आज भारतात समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ च्या निकालात प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्यामुळे एकत्र राहणे गुन्हा नाही, परंतु एकत्र राहणे म्हणजे विवाह नव्हे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नाही असे एकमताने म्हटले आणि विशेष विवाह कायद्याचा अर्थ बदलण्यास नकार देऊन हा विषय कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले. विवाहाऐवजी निदान नागरी सहजीवनाला मान्यता द्यावी, या मुद्द्यावर न्यायाधीशांत ३ विरुद्ध २ असा मतभेद होता आणि बहुमत मान्यतेच्या विरोधात गेले. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. चेंडू कायदेमंडळाकडे गेल्यामुळेच ठरावांचा विषय निघू लागला आहे.

२. प्रतीकात्मक ठराव म्हणजे काय? तो आणि कायदा यांत फरक कोणता?

कायदा आज्ञा करतो, तर ठराव मत नोंदवतो. विधिमंडळात विधेयक मंजूर होऊन त्याला राज्यपालांची, काही बाबतींत राष्ट्रपतींची संमती मिळाली म्हणजे कायदा होतो आणि तो न पाळणाऱ्याला परिणाम भोगावे लागतात. ठरावाने असे बंधन बहुधा निर्माण होत नाही. आपल्या विधिमंडळाला ही रीत नवी नाही. ८ जानेवारी २०२० रोजी महाराष्ट्र विधानसभेने जातनिहाय जनगणनेची मागणी करणारा ठराव केला, तेव्हा अध्यक्षपदी भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे आमदार नाना पटोले होते. २७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी कर्नाटकातील मराठीभाषक गावांबाबत एकमताने ठराव मंजूर केला. त्या ठरावामुळे एकही गाव महाराष्ट्रात आले नाही, पण राज्याची भूमिका कोणती याबद्दल शंका उरली नाही. विवाहसमानतेचा ठरावही याच जातीचा असेल.

३. विधानसभेने असा ठराव केला तर महाराष्ट्रात अशी लग्ने लागू लागतील का?

नाही. विवाह आणि घटस्फोट हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतील पाचव्या नोंदीत येतात, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांनाही त्यांवर कायदा करता येतो. मात्र १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा हे केंद्राचे आहेत. त्यांच्याशी विसंगत तरतूद राज्याला करायची असेल तर नुसता ठराव पुरत नाही. त्यासाठी विधेयक लागते आणि अनुच्छेद २५४ नुसार त्याला राष्ट्रपतींची संमती लागते.

संसदेत प्रयत्न झालेला आहे. विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे अशासकीय विधेयक सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत मांडले होते, परंतु ते मांडण्यापलीकडे गेले नाही. २०२३ च्या सुनावणीच्या वेळी केंद्राने राज्यांची मते मागवली तेव्हा राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला, तर महाराष्ट्राने विचारासाठी आणखी वेळ मागितला. आपल्या राज्याने स्पष्ट होकार दिलेला नाही आणि स्पष्ट नकारही दिलेला नाही. खालून येणाऱ्या ठरावांना थोडीफार जागा आहे ती याच अधांतरी अवस्थेमुळे, असे आम्हाला वाटते.

४. आमच्या ग्रामसभेला हा विषय घेण्याचा अधिकार आहे का? सरपंच म्हणतात, नाली आणि घरकुल सोडून बाकीचे बोलायचे नाही.

ग्रामसभेला मत व्यक्त करण्यापासून रोखणारी तरतूद नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले आणि महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात तिचे कामकाज ठरवून दिले आहे. सामाजिक प्रथांवर ठराव झाल्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडचे आहे. मे २०२२ मध्ये त्या गावाने पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या ठरावाला शिक्षेचे बळ नव्हते. तरीही त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे असे आवाहन केले.

ग्रामसभेला कायदा बदलता येत नाही आणि कोणाचा हक्क काढूनही घेता येत नाही. या दोन मर्यादा सांभाळून मत नोंदवायला हरकत नाही. सरपंचांचा आक्षेप मात्र अगदीच उडवून लावू नये. जेथे पाण्याची टाकी दोन उन्हाळे कोरडी आहे तेथे पहिला विषय पाण्याचाच असायला हवा. आपला विषय त्याच्या आधी रेटला तर लोक विषयावर नाही, मांडणाऱ्यावर चिडतात.

५. ठराव मांडण्याची रीत काय आहे? गणपूर्ती किती लागते?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. विषय आयत्या वेळी काढण्यापेक्षा आधी लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेत घ्यायला लावावा आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. आमचा अनुभव असा की हा विषय तेथे आधी बोलला गेला, तर मुख्य सभेत हशा कमी पिकतो.

सभेच्या ठरलेल्या दिवसांपैकी कोणता निवडावा, याचाही विचार करावा. २ ऑक्टोबरच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी चालू असते आणि मजुरीला जाणाऱ्या बाया सभेला येऊ शकत नाहीत. १ मेला ऊन असे असते की अकरा वाजता सुरू झालेली सभा बाराला उठते. २६ जानेवारीला कापसाचा वेचा बहुतेक ठिकाणी ओसरत आलेला असतो आणि झेंडावंदनासाठी लोक जमलेले असतात. त्यामुळे तो दिवस त्यातल्या त्यात बरा.

सूचक आणि अनुमोदक यांची नावे प्रोसिडिंग बुकात लिहिली जातात, म्हणून ती माणसे आधी ठरवून ठेवावीत. सभा उठण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. नोंदवहीत नंतर मजकूर लिहिला जातो तेव्हा “पाठिंबा दिला” याचे “चर्चा करण्यात आली” असे व्हायला वेळ लागत नाही.

६. ठरावात नेमके काय लिहावे? एखादा नमुना द्याल का?

मजकूर लहान, खरा आणि ग्रामपंचायतीच्या हातातील गोष्टींना धरून असावा. नमुना असा :

“ही ग्रामसभा असे मत व्यक्त करते की, प्रौढ व्यक्तींना लिंगभेद न करता परस्परसंमतीने विवाह करता यावा यासाठी संसदेने व राज्य विधिमंडळाने योग्य कायदा करावा. तसा कायदा होईपर्यंत, गावात एकत्र राहणाऱ्या कोणत्याही जोडप्याला त्यांच्या लिंगामुळे दाखला, पाणी, शिधा, घरकुल किंवा सार्वजनिक जागेचा वापर नाकारला जाणार नाही, आणि कोणी त्यांना त्रास दिल्यास ग्रामपंचायत त्रास देणाऱ्याची बाजू घेणार नाही. या ठरावाची प्रत मा. तहसीलदार, मा. आमदार व मा. खासदार यांना पाठवावी.”

पहिले वाक्य प्रतीकात्मक आहे. दुसरे वाक्य तसे नाही, कारण दाखला देणे-न देणे हे खरोखर ग्रामपंचायतीच्या हातात असते. आमच्या मते ठरावाचे वजन या दुसऱ्या वाक्यात आहे. दोन्ही वाक्यांवर एकमत होत नसेल तर पहिले सोडावे आणि दुसरे ठेवावे.

गावातील कोणत्याही जोडप्याचे नाव, आडनाव, वॉर्ड किंवा ओळख पटेल असा उल्लेख ठरावात येऊ देऊ नये, त्यांची स्वतःची संमती असली तरीही. प्रोसिडिंग बुक कोणालाही माहिती अधिकारात पाहता येते आणि नोंद पुसता येत नाही. संमती देणाऱ्याचे मन पुढे बदलू शकते, किंवा त्याच्या बहिणीची सोयरीक जुळत असताना तेच पान कोणीतरी पाहुण्यांपुढे ठेवू शकते.

७. ठराव मंजूर झाला. आता ग्रामसेवक आमच्या लग्नाची नोंद करतील का?

करू शकणार नाहीत. गावात विवाह नोंदणीचे काम ग्रामसेवकाकडे (आताच्या पदनामानुसार ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे) असते, पण ते राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार चालते, ग्रामसभेच्या ठरावानुसार नव्हे. जो विवाह कायद्याने होऊच शकत नाही त्याची नोंद केली तरी ती टिकत नाही आणि अधिकाऱ्यावर कारवाई होऊ शकते. त्याने नकार दिला म्हणून तो विरोधक ठरत नाही. विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देण्याचा मार्गही आज समलिंगी जोडप्याला खुला नाही. उलट त्या नोटिशीमुळे नावे फलकावर लागतात.

आहेर घेऊन, जेवणावळ करून खासगी समारंभ करायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. नागपुरात असे समारंभ झाले आहेत. त्यातून वैवाहिक हक्क मिळत नाहीत, एवढे दोघांनी ध्यानात ठेवावे.

८. आमच्यापैकी एक जण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री आहे आणि दुसरा पुरुष. आम्हालाही ठरावाची वाट पाहावी लागेल का?

नाही, आणि हा फरक गावात फार थोड्यांना माहीत असतो. २०२३ च्या निकालात पाचही न्यायाधीशांनी मान्य केले की पारलिंगी व्यक्तीचा भिन्नलिंगी जोडीदाराशी विवाह प्रचलित कायद्यांनुसार होऊ शकतो. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो असे ठरवून विवाह नोंदवण्याचा आदेश दिला होता. व्यवहारात कागदपत्रांवरील लिंगाची नोंद जुळणे महत्त्वाचे ठरते, म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळणारे ओळखपत्र आधी काढून घ्यावे. नोंदणीला नकार मिळाल्यास तो लेखी मागावा आणि त्याच्या आधारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

९. आम्ही गोंड आहोत आणि आमचे गाव पेसा क्षेत्रात आहे. आमच्या ग्रामसभेचे अधिकार जास्त आहेत ना?

काही बाबतींत निश्चितच जास्त आहेत. गडचिरोलीचा मोठा भाग, मेळघाटातील धारणी-चिखलदरा, यवतमाळमधील केळापूर-घाटंजी भागातील गावे येथे १९९६ चा पेसा कायदा (आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीचा कायदा) आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत, आणि आपल्या प्रथा-परंपरा जपण्यास ग्रामसभा सक्षम असल्याचे त्या कायद्यातच म्हटले आहे. शिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय लागू होत नाही. त्यामुळे जमातीच्या लग्नाची वैधता रूढीवर ठरते.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की ग्रामसभेने ठराव करून रूढी बदलली म्हणजे लग्न वैध झाले. हे बरोबर नाही. न्यायालय ज्या रूढीला मानते ती दीर्घकाळ, सातत्याने चालत आलेली असावी लागते आणि ती सिद्ध करावी लागते. कालच्या ठरावाने आज रूढी तयार होत नाही. म्हणून पेसा ग्रामसभेचा ठरावही या विषयात प्रतीकात्मकच राहतो.

या गावांकडून बाकीच्यांनी शिकावे ते चर्चेच्या पद्धतीबद्दल. “आमच्या गावात आम्हीच सरकार” म्हणणाऱ्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात, मग त्याला कितीही बैठका लागोत. ज्या विषयावर लोक कधी उघड बोललेच नाहीत तेथे हात वर करून मोजणी करण्यापेक्षा ही पद्धत अधिक कामाची आहे.

१०. आमच्या गावात असे कोणी नाहीच. मग ठराव कशाला?

बहुतेक पत्रांत हा प्रश्न असतोच. आम्हाला पत्रे येतात ती “असे कोणी नाही” म्हणणाऱ्या गावांतूनही येतात. दोघी “मैत्रिणी” म्हणून एका खोलीत राहतात, दोघे “भागीदारीत” शेती करतात, आणि गाव पाहूनही न पाहिल्यासारखे करते. हा समंजसपणा चालतो तोवर चालतो, पण दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला की त्याच दिवशी संपतो.

तेव्हा तलाठी वारसांची नोंद करायला बसतो आणि सातबाऱ्यावर भाऊ-पुतण्यांची नावे लागतात. ज्याने वीस वर्षे त्या वावरात डवरणी केली त्याचे नाव कोठेच येत नाही, कारण कायद्याने तो कोणीच लागत नाही. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला तर पात्र प्रकरणात शासन कुटुंबाला १ लाख रुपयांचे साहाय्य देते. तेही वारसाला मिळते, मागे राहिलेल्या अशा जोडीदाराला नाही. पती-पत्नी किंवा मुले यांना शेतजमीन बक्षीसपत्राने देताना महाराष्ट्रात २०० रुपये मुद्रांक शुल्क लागते, पण समलिंगी जोडीदाराला ही सवलत नाही. विवाहाचा हक्क म्हणजे बँडबाजा नव्हे, तर सातबारा, वारस, दवाखाना आणि स्मशानातील अधिकार आहे, हे विदर्भातल्या माणसाला समजावून सांगायला वेगळा दाखला शोधावा लागत नाही.

११. ठराव फेटाळला गेला तर? किंवा याच्या उलट, विरोधाचा ठराव झाला तर?

फेटाळला गेल्याचीही नोंद होते आणि ती पुढे वर्षानुवर्षे दाखवली जाते. म्हणून आधी अंदाज घ्यावा. पाठिंब्याची खात्री नसेल तर विषय ठरावासाठी न मांडता चर्चेसाठी मांडावा. गावातील एखाद्या तरुणाबद्दल आधीच कुजबुज चालू असेल तर त्या वर्षी ठराव आणूच नये. सभेतील प्रत्येक टोमणा त्याच्या घरापर्यंत जाईल आणि ठरावाचा फायदा त्याला त्या मानाने काहीच होणार नाही.

“माणसाचा हक्क बहुमताला टाकायचा तरी कशाला?” असेही काही वाचक विचारतात. आक्षेप योग्य आहे. मात्र न्यायालयाने विषय कायदेमंडळाकडे सोपवल्यानंतर लोकप्रतिनिधींना लोकमत दाखवण्याचे जे थोडे मार्ग उरतात, त्यांत हा एक आहे.

विरोधाचा ठराव हेदेखील निव्वळ मत असते. २०२३ मध्ये सुनावणी चालू असताना बार कौन्सिल ऑफ इंडियाने विरोधाचा ठराव केला होता. न्यायालयाने सुनावणी थांबवली नाही. मात्र ठराव मत सोडून कृतीकडे वळला, म्हणजे अमुक जोडप्याला गावात राहू देणार नाही असे त्यात आले, तर उत्तर १२ पाहावे.

१२. गावकीने किंवा जातपंचायतीने आम्हाला वाळीत टाकले आहे. काय करता येईल?

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. तो २०१६ मध्ये संमत होऊन जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येते. दोन प्रौढांच्या निवडीत गावपंचांनी ढवळाढवळ करणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये खाप पंचायतींच्या प्रकरणात सांगितले होते. तो निकाल विवाहाबाबत असला तरी त्यातील तत्त्व येथे उपयोगी पडते. घरच्यांनी एकाला कोंडून ठेवले असेल तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात देहोपस्थितीची (हेबियस कॉर्पस, म्हणजे कोंडलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याची) याचिका करता येते. अशा प्रकरणांत समुपदेशनाच्या नावाखाली व्यक्तीचा कल बदलण्याचा प्रयत्न न्यायालयांनी करू नये, असे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये केले आहे.

१३. ठराव असो वा नसो, आज आम्हाला कागदोपत्री काय करता येईल?

बरेच काही करता येते, आणि ते ठरावाच्या आधी करावे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नॉमिनी करण्यास मनाई नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातील मानावे, अशी सूचना केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना केली आहे. तहसीलमधील पुरवठा विभागात ती अनेकदा पोचलेली नसते, म्हणून अर्जासोबत तिची छापील प्रत जोडावी. मानसिक आरोग्याच्या उपचारांसाठी २०१७ च्या कायद्याखाली नातेवाईक नसलेल्या प्रौढालाही आपला प्रतिनिधी नेमता येते.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. मालमत्ता जोडीदाराला मिळावी असे वाटत असेल तर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे आणि शक्य असल्यास ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे. शेतजमीन असेल आणि जोडीदार शेतकरी नसेल, तर विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कूळ व शेतजमीन कायद्याच्या अटी आड येऊ शकतात. असा व्यवहार तालुक्याच्या वकिलाला दाखवल्याशिवाय करू नये.

१४. ठराव झाला तर मंदिरात असे लग्न लावावेच लागेल का?

नाही. ठराव राज्यसंस्थेकडून कायद्याची मागणी करतो. पुजारी, भंते, काझी किंवा पाद्री यांच्यावर त्याचे बंधन नाही.

१५. अशा बिनबंधनाच्या ठरावांनी कोठे काही बदलले आहे का?

परिणाम एकसारखे नाहीत. जपानमध्ये टोकियोतील शिबुया आणि सेतागाया या स्थानिक संस्थांनी २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना भागीदारीची प्रमाणपत्रे देणे सुरू केले. त्यांना विवाहाचे कायदेशीर मोल नव्हते, पण पुढे देशातील शेकडो नगरपालिकांनी ती पद्धत उचलली. तरीही त्या प्रमाणपत्रांतून विवाहाचा हक्क आला नाही. ऑस्ट्रेलियात २०१७ च्या टपाली जनमत पाहणीत ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला. ती पाहणी संसदेवर बंधनकारक नव्हती, तरी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. नेपाळमध्ये मार्ग न्यायालयातून निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबरमध्ये पहिली नोंद झाली, ती काठमांडूत नव्हे तर लमजुंग जिल्ह्यातील दोर्दी या गावपालिकेत. आमच्याकडील सरपंचांना हे उदाहरण सांगितले की ते गावपालिकेबद्दल दोन प्रश्न तरी विचारतातच.

१६. ठरावाची प्रत कोणाला पाठवायची, आणि उत्तर येते का?

सही-शिक्क्याची प्रत तहसीलदार, पंचायत समितीचे गटविकास अधिकारी, मतदारसंघाचे आमदार आणि खासदार यांना पाठवावी. २०२३ च्या निकालानंतर कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने समिती नेमली आहे. तिच्यासाठी एक प्रत केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या पत्त्यावर टपालाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. आमदारांना देताना ती नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या दोन-तीन आठवडे आधी, शक्यतो प्रत्यक्ष भेटून द्यावी, कारण सभागृहात मांडायचे मुद्दे तेव्हा गोळा होत असतात. ग्रामपंचायत प्रत देण्यास टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्यावर ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आमदार-खासदारांवर मात्र उत्तर देण्याचे बंधन नाही आणि बहुतेकदा ते येत नाही.